देणारं आणि घेणारं स्थैर्य

आमच्या गीता-वर्गात दुसऱ्या अध्यायाचा शेवट जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो. स्थितप्रज्ञाला काही वाटतं का? मुलगा गेला, पीक वाहून गेलं, चार माणसांत कुणी पाणउतारा केला, तर त्याच्या आत काही हलतं की नाही? हलत असेल तर तो स्थिर कसा? आणि हलतच नसेल, तर त्याला माणूस तरी कसं म्हणायचं? वर्गातले बहुतेक जण साठी ओलांडलेले आहेत. प्रत्येकाच्या घरात काहीतरी होऊन गेलेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न कुणी वादासाठी विचारत नाही.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यापासून चाळीस मीटरच्या बँडवर बोलत आले आहे. या प्रश्नाचं जे उत्तर मला पटलं आहे, ते टीकाग्रंथ वाचून जितकं घडलं तितकंच माझ्या टेबलावरच्या अँप्लिफायरमुळेही घडलं. त्यात ४सीएक्स२५०बी या जातीच्या दोन ट्यूब आहेत. प्लेटवर २००० व्होल्ट आणि स्क्रीन ग्रिडवर ३५०. हे ३५० व्होल्ट जागेवर कसे ठेवायचे, हा विषय मी जितका खोल पाहत गेले, तितकं मला दिसलं की स्थैर्याबद्दलच्या आपल्या कल्पनेतच एक गोंधळ आहे. यंत्राने गीता सिद्ध होत नाही, आणि ट्यूबला मन नसतं. पण जी गोष्ट स्थिर ठेवायची आहे ती हाताने बांधावी लागली, की स्थैर्य म्हणजे नेमकं काय हे मोघम ठेवता येत नाही.

स्क्रीन ग्रिड मुळात कशासाठी आली, तिथून सुरुवात करायला हवी. सुरुवातीच्या ट्रायोड ट्यूबमध्ये तीनच भाग होते : इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, ते गोळा करणारी प्लेट, आणि मध्ये त्यांना कमीजास्त सोडणारी कंट्रोल ग्रिड. ग्रिडवर आवाजाचा बारीक संदेश द्यायचा आणि प्लेटवर तो मोठा होऊन मिळायचा. पण प्लेट आणि ग्रिड एकमेकींच्या जवळ असल्याने त्यांच्यात आपोआप थोडी कपॅसिटन्स तयार होते. उच्च फ्रीक्वेन्सीला या वाटेने प्लेटवरचा मोठा झालेला संदेश पुन्हा ग्रिडवर येतो. मग ट्यूब बाहेरचं ऐकण्याऐवजी स्वतःचंच ऐकू लागते, तेच मोठं करते, पुन्हा ऐकते. बाहेरून काहीही न देता ती स्वतःच्या सुरात ओरडत राहते. यावर उपाय म्हणून दोघींच्या मध्ये आणखी एक ग्रिड घालण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी दुसऱ्या ग्रिडच्या कल्पनेवर काम केलं, आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये अल्बर्ट हल यांनी ती आडोसा म्हणून विकसित केली. फरक किती पडला ते आकड्यांत पाहा. ८११ए या ट्रायोडमध्ये प्लेट आणि ग्रिड यांच्यातली कपॅसिटन्स सुमारे ५.६ पिकोफॅरड आहे, माझ्या टेट्रोडमध्ये, म्हणजे स्क्रीन धरून चार भागांच्या ट्यूबमध्ये, सुमारे ०.०४.

या आडोशाचा दुसरा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. स्क्रीन आल्यावर प्लेटचा व्होल्टेज वरखाली झाला तरी ट्यूबमधून वाहणारा प्रवाह जवळपास तेवढाच राहतो. प्लेटवर काय मिळालं यावर ट्यूबचं काम ठरत नाही, ग्रिडवर काय आलं यावरच ठरतं. फळावर डोळा ठेवून कर्म करू नकोस, हे सांगताना गीता फळ नको असं म्हणत नाही. फळ मिळतं, मोठं मिळतं. फक्त ते मागे फिरून कर्माला हलवणार नाही, अशी मधली जागा हवी. कौतुक झालं म्हणून दुप्पट बोलणारा आणि टाळ्या पडल्या नाहीत म्हणून गप्प होणारा माणूस ट्रायोडसारखा स्वतःचंच फळ ऐकत असतो. साधनेने आपण ही मधली जागा तयार करत असतो.

पण ही मधली जागा स्वतः स्थिर नसेल, तर तिचा काय उपयोग? ४सीएक्स२५०बीमध्ये स्क्रीनचे पाच व्होल्ट कंट्रोल ग्रिडच्या एका व्होल्टइतका परिणाम करतात. म्हणजे स्क्रीनचे ३५० व्होल्ट कॅथोडजवळ सत्तरच्या बळाने ओढतात, आणि ग्रिडवरचे उणे ५५ त्यांना अडवतात. उरतात पंधरा. त्या पंधरावर ट्यूबचा सगळा शांत प्रवाह अवलंबून आहे. स्क्रीनचा व्होल्टेज दहाने उतरला तर पंधरातले दोन गेले, आणि हिशेब केला तर शांत प्रवाह जवळजवळ पंचमांशाने घटतो. ३५०मध्ये दहा म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. आधाराच्या जागी झालेला छोटा बदल कर्माच्या जागी मोठा होऊन येतो. सकाळी कुणाचा एक तिरकस शब्द लागला आणि दिवसभराचं काम बिघडलं, हे कुणाला ठाऊक नाही?

आता मुख्य मुद्दा. माझ्या अँप्लिफायरमधल्या स्क्रीनच्या मीटरचं शून्य डाव्या टोकाला नाही, जरा आत आहे. कारण तिथला प्रवाह कधीकधी उलटा वाहतो. स्क्रीन धन असते, तेव्हा काही इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळतात आणि तिने पुरवठ्याकडून थोडा प्रवाह घ्यावा, इतकं सरळ वाटतं. पण वेगाने आदळलेला इलेक्ट्रॉन धातूतून आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, आणि प्लेट स्क्रीनहून जास्त धन असल्याने ती ते ओढून घेते. आलेल्यांपेक्षा गेलेले जास्त झाले की स्क्रीन पुरवठ्याकडून घेण्याऐवजी पुरवठ्यालाच परत देऊ लागते. लोडिंग जड असेल, म्हणजे अँटेनाची बाजू प्लेटकडून जास्त ओढत असेल, तर हे सहज घडतं. लोडिंग हलकं असेल तर उलट होतं. प्लेटचा व्होल्टेज खूप खाली उतरतो, इलेक्ट्रॉनना तिकडची ओढ कमी पडते आणि ते स्क्रीनवर गर्दी करतात.

अशा ठिकाणी नेहमीचा रेग्युलेटर लावला तर? नेहमीचा म्हणजे वाटेत मालिकेत बसवलेला, मागेल तितकंच पुढे सोडणारा. कुणी जास्त मागितलं की तो जास्त देतो आणि व्होल्टेज ढळू देत नाही. घेणारा जोवर घेतो आहे तोवर त्याच्या स्थैर्यात खोट निघत नाही. पण समोरून परत येऊ लागलं की त्याच्याकडे ते घेण्याची वाटच नसते. तो जास्तीत जास्त देणं बंद करू शकतो. परत आलेला प्रवाह कुठे जाणार? स्क्रीनचा व्होल्टेज चढतो, त्यामुळे ट्यूबचा प्रवाह वाढतो, आणखी इलेक्ट्रॉन आदळतात, स्क्रीन आणखी चढते. वेळीच वाट मिळाली नाही तर ट्यूब हाताबाहेर जाते. म्हणून या ट्यूबसाठी स्क्रीनपासून कॅथोडपर्यंत कायम उघडी वाट ठेवावी लागते : निदान एक ब्लीडर रेझिस्टर, किंवा शंट रेग्युलेटर.

हे शिकवताना मला नेहमी आमच्या सासूबाई आठवत. त्या फलटणच्या. आषाढात माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली की त्यांच्या अंगणात वारकऱ्यांची पंगत बसे. पिठलं-भाकरी, ठेचा, आणि उठणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा नमस्कार. देण्यात त्यांचा हात कधी आखडला नाही. पण त्यांच्या स्थैर्याची ओळख मला तेव्हा पटली नव्हती. ती पटली त्यांना पक्षाघात झाल्यावर. उजवी बाजू गेली. मी घास भरवत असे, नात वेणी घालत असे. देत आलेल्या बायका अशा वेळी फार कष्टी होतात, चिडतात, नको नको म्हणतात. सासूबाई ज्या चेहऱ्याने वाढत असत, त्याच चेहऱ्याने घास घेत. पालखीच्या दिवशी एका वारकऱ्याने आत येऊन त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि डाव्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांनी ती दोन्ही डोळ्यांना लावली. तेव्हा मला कळलं, की फक्त देता येणं हे अर्धं स्थैर्य आहे. देणाऱ्याच्या मनात आपण वरचे आहोत ही जाणीव टिकते, आणि त्या जाणिवेच्या आधारावर पुष्कळ जण आयुष्यभर शांत दिसतात. घ्यायची वेळ आल्यावर ती शांती टिकली, तर ती खरी.

गीतेत स्थिरतेच्या तीन प्रतिमा येतात आणि आपण त्या एकाच अर्थाच्या समजतो. अवयव आत घेणारं कासव, वारा नसलेल्या जागी तेवणारा दिवा, आणि नद्या आत येऊनही मर्यादा न सोडणारा समुद्र. माझ्या मते ही तीन वेगळी कामं आहेत. कासव म्हणजे संरक्षण. प्रवाह धोक्याच्या रेषेपलीकडे गेला की रिले सुटतो आणि स्क्रीनचा पुरवठा तुटतो. ते हवंच, पण रिले सुटलेला अँप्लिफायर बोलत नाही. वारा नसलेल्या जागेतला दिवा ध्यानाच्या वेळेचा. ती जागा मिळवावी लागते आणि दिवसभर मिळत नाही. समुद्राची प्रतिमा मात्र व्यवहारात उभ्या असलेल्या माणसाची आहे. मूळ श्लोकात पाणी आत येण्याचीच गोष्ट आहे. ज्ञानेश्वरांनी ती विस्तारताना दुसरी बाजूही जोडली : पावसात सगळ्या नद्या भरून येऊन मिळाल्या तरी समुद्र वाढत नाही, आणि उन्हाळ्यात सगळ्या आटल्या तरी कमी होत नाही. प्रवाह दोन्ही दिशांनी बदलेल आणि पातळी राहील, हे त्यांनी इतकं स्वच्छ मांडलं आहे, की ज्ञानेश्वरी उघडून ते वाचताना मला दरवेळी माझ्या मीटरचं आत सरकलेलं शून्य दिसतं.

तरी एक अडचण उरते. समुद्र त्याच्या आकारामुळे स्थिर असतो. आपण समुद्र नाही. स्क्रीनला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला आणि दहा मिलिअँपिअर उलटा प्रवाह येत राहिला, तर एका सेकंदात शंभर व्होल्ट चढतील. लहान भांडं नुसत्या साठवणीवर फार वेळ तग धरत नाही. महापुरुषांचं स्थैर्य कदाचित त्यांच्या अथांगपणातून येत असेल, पण साधकाला दुसरा मार्ग लागतो. शंट रेग्युलेटर मला त्या मार्गाचा नमुना वाटतो.

माझ्याकडे पुरवठा ५०० व्होल्टचा आहे. तिथून अडीच किलोओमच्या रेझिस्टरमधून ३५०च्या बिंदूवर यायचं, म्हणजे त्यातून कायम ६० मिलिअँपिअर वाहतात. त्या बिंदूवर स्क्रीन आणि शंट दोघं टेकलेले असतात. ट्यूबने वीस घेतले तर शंट चाळीस घेतो. ट्यूबने दहा परत दिले तर शंट सत्तर घेतो. कुणी काहीच घेत नसेल तेव्हा साठच्या साठ तोच घेतो, आणि त्याच्या अंगावर २१ वॉटची उष्णता तयार होते. संदेश नसताना, मी मायक्रोफोनपाशी गप्प बसलेली असतानाही, तो असा तापत राहतो. विद्यार्थी विचारत, मॅडम, ही वीज वाया नाही का जात? नाही जात. परत येणारं स्वीकारण्याची तयारी आधीपासून चालू असावी लागते, तिची किंमत हीच. संकट आल्यावर जप सुरू करणाऱ्याला जप साथ देत नाही असं नाही, पण ज्याचा रोजचा हरिपाठ काही घडत नसताना चालू आहे, त्याच्यापाशी वाट आधीच उघडी असते. स्थैर्य म्हणजे विश्रांती, हा आपला समज मला इथे मोडलेला दिसतो. स्थैर्य हे अखंड चाललेलं काम आहे.

आणि त्या कामाला सीमा आहे. ट्यूबने साठहून जास्त मागितलं तर शंटकडे सोडून द्यायला काही उरत नाही आणि व्होल्टेज उतरतो. जुन्या ०डी३सारख्या गॅस ट्यूब १५० व्होल्ट धरून ठेवत, पण पाच ते चाळीस मिलिअँपिअर या टापूतच. प्रवाह पाचाखाली गेला तर धरून ठेवणं संपलं, चाळीसावर गेला तर ट्यूब खराब होणार. साधकाने आपला टापू ओळखावा यात कमीपणा नाही.

आता स्थितप्रज्ञाला वाटतं का, याचं उत्तर. शंट रेग्युलेटर काम कसा करतो? स्क्रीनच्या व्होल्टेजचा एक अंश घेऊन तो एका स्थिर संदर्भाशी ताडतो. दोघांत फरक दिसला की त्या प्रमाणात आपला प्रवाह बदलतो. फरकाची जाणीव हीच त्याची प्रेरणा. त्याची संवेदना काढून घेतली तर तो जास्त स्थिर होणार नाही, आंधळा होईल, आणि व्होल्टेज वाटेल तिथे जाईल. शिवाय हा फरक कधीच पूर्ण शून्य होत नाही. नियंत्रणाची ताकद शंभरपट असेल, तर दहा व्होल्टने ढळला असता तिथे तो सुमारे एक दशांश व्होल्ट ढळतो. त्या एक दशांशावरच दुरुस्ती उभी असते. म्हणून ज्याला काही वाटत नाही तो स्थिर, ही कल्पना मी सोडून दिली आहे. ज्याला लवकर आणि अचूक वाटतं, आणि जे वाटलं त्याचं रूपांतर तिथल्या तिथे योग्य कृतीत होतं, तो स्थिर. धाकट्या दिरांची बातमी आली तेव्हा सासूबाई हंबरडा फोडून रडल्या. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारून सांगितलं, पोरं सकाळपासून उपाशी आहेत, आधी त्यांना भात कालवून दे. त्यांचं रडणं आणि त्यांचं सांगणं एकमेकांच्या विरोधात नव्हतं. दोन्ही एकाच जागृत मनातून आलं.

पण तो संदर्भ कुठून येतो? रेग्युलेटर ज्याच्याशी ताडून पाहतो तो स्थिर आहे हे कशावरून? त्याला स्थिर ठेवणारा आणखी एक, त्यालाही आणखी एक, अशी साखळी कुठेतरी थांबायला हवी. माझ्या सर्किटमध्ये ती एका झेनर डायोडपाशी थांबते. पाच-साडेपाच व्होल्टच्या आसपासचा झेनर तापमानाने फारसा बदलत नाही, आणि हा गुण सर्किटने ठरवलेला नाही, पदार्थाच्या स्वभावात आहे. सर्किट एवढंच करतं, की त्याला थोडा पण नियमित प्रवाह देत राहतं आणि त्याच्यावर जड काम टाकत नाही. माणसालाही जगातल्या घडामोडींनी ज्याची किंमत ठरत नाही असं काही संदर्भाला लागतं. वारकऱ्याला ते विटेवरच्या रूपात सापडतं, वेदान्ती त्याला साक्षी म्हणतो. देव न मानणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांना ते सत्याच्या आग्रहात सापडलं आहे, आणि त्यांचं जगणं जवळून पाहिल्यावर त्यांचा आधार कच्चा आहे असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या मनःस्थितीलाच संदर्भ मानणारा माणूस कधी स्थिर होत नाही. मोजपट्टी ज्याच्यासोबत ताणते, त्याची लांबी तिने कशी मोजावी?

या ट्यूबचा आणखी एक नियम मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत असे : प्लेटचा व्होल्टेज आल्याशिवाय स्क्रीनला व्होल्टेज द्यायचा नाही, आणि प्लेटचा गेला तर स्क्रीनचा त्याच क्षणी तोडायचा. पुढे ओढून नेणारी प्लेट नसेल, तर कॅथोडवरून निघालेला बहुतेक सगळा प्रवाह स्क्रीनवर येऊन पडतो. तिची सोसण्याची मर्यादा १२ वॉट. ती जळते. तिसऱ्या अध्यायात, हातपाय आवरून बसलेल्या पण मनाने विषय घोळवणाऱ्या माणसाबद्दल भगवंत कठोर बोलतात, त्याचं कारण मला इथे कळतं. निवृत्तीनंतर किती भली माणसं पोथ्यांचा ढीग घेऊन बसतात आणि वर्षभरात चिडखोर होतात! त्यांची साधना खोटी नसते. शक्ती आहे, आवरही आहे, पण पुढे नेणारं काम काढून घेतलेलं आहे, म्हणून सगळं स्वतःवरच येऊन पडतं. अशांना मी सांगते, आधी एखाद्या मुलाचं गणित घ्या, मग पारायण.

आणि हे सगळं करायचं कशासाठी? मनाच्या शांतीसाठी, असं आपण म्हणतो. अँप्लिफायरने मला याहून मोठं कारण दिलं. बोलताना माझा स्क्रीन व्होल्टेज शब्दागणिक हलू लागला, तर माझा संदेश वेडावाकडा होतो, आणि त्या वेडेपणातून तयार झालेल्या नको त्या फ्रीक्वेन्सी माझ्या जागेच्या बाहेर पसरतात. मला स्वतःला ते ऐकू येत नाही. माझे मीटर जोरात हलतात आणि मला वाटतं, आज आवाज छान जातो आहे. ऐकू येतं ते तीन-चार किलोहर्ट्झ पलीकडे दुसऱ्याशी बोलणाऱ्याला. कुठल्या तरी दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज तो कान देऊन ऐकत असतो, आणि माझ्या खरखरीखाली तो आवाज बुडतो. घरातल्या अस्थिर माणसाचंही हेच असतं. तो स्वतःला जिवंत, जोरकस वाटतो, आणि त्याची बायको, मुलं, हाताखालचे लोक आपापलं बोलणं गिळून बसतात.

गीता लोकसंग्रहाबद्दल बोलते ते याच तिसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या वर्णनानंतर लगेच, आणि तो क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. स्थैर्य ही माझी खाजगी मिळकत नाही. बँड सगळ्यांचा आहे. मी स्थिर आहे की नाही याचा निर्णय माझ्या मीटरवर होत नाही, शेजारच्याच्या रिसीव्हरवर होतो. म्हणून साधनेत आपली किती प्रगती झाली हे स्वतःला विचारणं मी कमी केलं आहे. घरात, वर्गात, बँडवर जो माझ्या शेजारी आहे, त्याला माझ्यामुळे त्याचं ऐकू येतं ना, हे मी त्यालाच विचारते, आणि तो जे सांगेल ते घेते.